पखालीतलं विरजण

लोखंडी घोड्याचं साल होतं आणि उन्हाळ्याचा पहिला महिना. मंगोलियाच्या माळावर सालांना प्राण्यांची नावं असतात, म्हणून तिथला माणूस साल विसरत नाही. त्या माळावर एका ओढ्याच्या काठी दुलमा नावाची एक म्हातारी आपल्या मुलाच्या कुटुंबात राहत होती. घर म्हणजे जाड नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, गोल तंबू. कुरण संपलं की तो उंटावर लादायचा आणि जनावरांमागून पुढे जायचं.

त्या काळी तंबूचं दार कुणी वाजवत नसे. येणारा लांबूनच हाक देई, "कुत्री आवरा हो," आणि सरळ आत येई. आत शिरताच डाव्या हाताला चामड्याची मोठी पखाल टांगलेली असे. तिच्यात घोडीचं दूध आंबत असे. त्या आंबट दुधाला ते ऐराग म्हणतात. आत येणारा पाहुणा असो की घरचं पोर, बसण्याआधी त्याने पखालीतली रवी थोडी खालीवर करायची. एकट्याच्या हाताने ऐराग होत नाही. पोरं त्या घुसळण्याच्या आवाजावरच झोपी जात.

दुलमाच्या ऐरागाचं नाव आसपासच्या सगळ्या खोऱ्यांत होतं. विरजण सासूचं, आणि सासूला ते तिच्या सासूकडून आलेलं. सासूने मरताना पखाल दुलमाच्या ताब्यात दिली आणि म्हणाली, "हे तुझं नाही. सध्या तुझ्याकडे आहे." दुलमाला त्यातलं दुसरं वाक्य तेवढं लक्षात राहिलं.

त्या उन्हाळ्यात ओढ्यापलीकडे एका नव्या कुटुंबाने तंबू ठोकला. नव्याने आलेल्यांकडे जुन्यांनी गरम चहा घेऊन जायचं, ही तिथली रीत. दुलमा किटली घेऊन गेली. तिथली तरणी सून सेवेल खाली मान घालून बसली होती. येताना नदीत उंट घसरला आणि तिची पखाल वाहून गेली होती. घोड्या दुभत्या होत्या, पण दुधाला लावायला विरजण नव्हतं. आल्यागेल्याच्या हातात काय द्यायचं?

"मावशी, वाटीभर विरजण उसनं द्याल? जमलं की परत करीन."

दुलमा कंजूष नव्हती. तिने वाटी भरून दिली. देताना वाटीतला एक थेंब बोटाने टिपून परत आपल्या पखालीत सोडला. घरातलं पांढरं बाहेर जातं तेव्हा थेंब मागे ठेवतात. घराची बरकत घरात राहते.

काही दिवसांनी सेवेल धुतलेला अंगरखा घालून आली. दोन्ही हातांत तीच वाटी, काठोकाठ भरलेली. तिचं पहिलं ऐराग होतं ते. तंबूत दोन-तीन पाहुणे बसले होते. दुलमाने वाटीत डोकावून पाहिलं आणि हात पुढे केला नाही.

"तूच पी ते, पोरी. या पखालीत बाहेरच्या हाताचं पडत नाही."

पाहुणे हसले. एक जण म्हणाला, सून चांगली आहे, घोड्या अजून शिकताहेत. सेवेलने मान खाली घातली. तिने आत येतानाच रवी हलवली होती. जाताना पुन्हा हलवली आणि भरली वाटी घेऊन ओढा ओलांडला. उसनं तिच्या अंगावर तसंच राहिलं. पुढे दुलमाच्या दारात ती कामाशिवाय आली नाही.

मग दोन वर्षांनी माकडाचं साल आलं. हिवाळ्यात बर्फ वितळलं आणि पुन्हा गोठलं. कुरणावर काचेसारखा थर बसला. खुराने फुटेना, गवत तोंडाला लागेना. रोज सकाळी मेंढ्या उभ्याउभ्याच गोठलेल्या सापडत.

हिवाळ्याचं विरजण बाहेर ठेवायचं असतं. ते दगडासारखं गोठतं आणि उन्हाळ्यात पुन्हा जागं होतं. सासूने जन्मभर तसंच केलं. पण दुलमाने त्या साली इतकं मरण पाहिलं की तिला विरजणाचीही धास्ती वाटली. तिने पखाल आत आणून चुलीशेजारी टांगली.

मुलगा शारव म्हणाला, "आई, उबवून पिल्लं काढायचीत काय त्यातून?"

दुलमाने त्याला शेणाची टोपली घेऊन बाहेर पिटाळलं.

उन्हाळा आला. उरलेल्या घोड्या व्याल्या, दूध आलं. दुलमाने दूध पखालीत ओतलं. ते आंबलं नाही, नासलं. तिने पखाल धुतली, पुन्हा ओतलं, पुन्हा नासलं. चुलीच्या धगीने विरजण केव्हाच मेलं होतं. माणसं सवयीने आत येत, हात रवीकडे जाई, पखाल सैल लागे आणि हात मागे येई.

विरजण दुसऱ्या तंबूंतून मिळालं असतं. पण ते दुसऱ्याचं. सासूचं विरजण तिच्या हातात संपलं, असंच झालं असतं. साऱ्या माळावर ते फक्त एका ठिकाणी जिवंत होतं. दुलमा कित्येक दिवस ओढ्यापलीकडचा धूर बघत बसली. मग एका सकाळी वाटी घेऊन उठली.

"कुत्री आवरा हो," ती म्हणाली. आवाज फार लांब गेला नाही.

आत डाव्या हाताला भरलेली पखाल होती. दुलमाने रवी धरली. वास आला. तोच वास. नवी नवरी असताना सासूच्या शेजारी उभी राहून ती घुसळायची, तेव्हाचा. रीतीपुरतं घुसळून झालं तरी तिचा हात थांबेना. सेवेल चहा ढवळता ढवळता बघत राहिली.

दुलमा म्हणाली, "माझं विरजण मेलं. मीच मारलं. तुझी वाटी मी परत पाठवली होती. ती आज घ्यायला आले."

सेवेलला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ती उठली, दुलमाच्या हातातली वाटी घेतली आणि काठोकाठ भरली.

"तुमचंच आहे, मावशी. उसनं होतं. परत द्यायचं राहिलं होतं."

दुलमाने वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि थांबली. सेवेल एक थेंब मागे घेईल म्हणून थांबली. सेवेलने घेतला नाही. देताना थेंब मागे घेतात, फेडताना घेत नाहीत.

दुलमाने भरली वाटी घेऊन ओढा ओलांडला.

बोध घ्यायचा तो इतकाच: ज्याला दिलं, त्याला परत देऊ द्यावं. नाहीतर ते देणं नव्हे, नुसता तोरा.