घारीचा फुकट अंदाज

फार पूर्वी माळावर एक घार फुकटात पावसाचा अंदाज सांगायची. आधी विचारायची, "तुमचं घर कुठंय? म्हणजे नेमकं तिथलंच सांगते." सगळे भाबडेपणाने सांगून टाकायचे.

जमिनीवर घरटं करणारी लावी पक्षीण मात्र मनात म्हणाली, 'आभाळ तर सगळ्यांचं एकच. मग हिला माझी पिल्लं झोपतात ती जागा कशाला हवी?' तिने करवंदीखालचं जुनं, रिकामं घरटं सांगितलं.

"आज कोरडं," घार म्हणाली. दिवस कोरडाच गेला.

संध्याकाळी लावीने पाहिलं, तर ते घरटं मुंगसाने उसकटलं होतं. वर फांदीवर, पत्ता सांगितल्याबद्दल मुंगसाने दिलेला उंदीर घार चवीने खात होती.

"अंदाज खरा ठरला ना, लावीताई? आता कुठं राहता?"

"आधी तुझं घरटं कुठंय ते सांग."

घार अर्धा उंदीर टाकून उडाली.