भैरोबाची तहान

फार वर्षांपूर्वीची, ओढ्यापलीकडची खाण अजून चालू होती तेव्हाची ही गोष्ट. कोनवडीच्या भैरोबाच्या देवळात रवळू गुरव होता. तोंडाचा फटकळ, पण त्याचा नगारा तीन कोसांवर ऐकू जायचा, असं म्हणतात.

त्या दिवसांत एचआयव्हीचा आजार आला. तो गावात होता तसा खाणीजवळच्या वडारवस्तीवरही होता. पण मरत होते ते वडारच. औषध सगळ्यांना सारखंच, फुकट मिळायचं. मात्र गोळी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, वेळ चुकवून चालायचं नाही. गावात घड्याळं होती आणि दाराला कड्या होत्या. वस्तीवर पालं होती आणि दिवसभर दगड. नर्सबाईंनी हे देवळाच्या पायरीवर बसून सांगितलं, ते रवळूच्या जिवाला लागलं. त्यानं आरतीची वेळ बदलली. दोन्ही वेळा सातला नगारा, तोही वस्तीकडे तोंड करून.

वस्ती सावरली. नागव्वा वडारीण, दोन लेकरांची आई, अंथरुणातून उठून पुन्हा घण उचलू लागली. पण गाव काय, डोळे मिटून थोडंच बसतं? नगारा झाला की कमरेची गोळ्यांची पुरचुंडी कोण सोडतं, ते लोक पाहू लागले. विहिरीवर बायका आपल्या घागरी बाजूला सरकवू लागल्या.

एक दिवस नागव्वा देवळाबाहेर येऊन उभी राहिली. "मामा, तुमचा नगारा माजं नाव घ्यायला लागलाय," ती म्हणाली. "मी गोळी सोडली. आता नका वाजवू."

रवळू त्या दिवशी जेवला नाही. आपल्याच हातानं पोरीला उघडं पाडलं, याचं त्याला फार वाईट वाटलं. नगारा थांबवला तरी ती मरणार होती, आणि वाजवला तरी.

रविवारी गाव देवाला तेल घालायला आलं, तेव्हा तो उंबऱ्यात आडवा उभा राहिला. म्हणाला, "भैरोबाला सातला तहान लागते. नगाऱ्याला जो घोटभर पाणी पिणार नाही, त्याचं तेल मी देवाला घालायचा नाही."

देवाची तहान गुरवाला नाही कळणार तर कुणाला? तरी लोक कुरकुरले. मग पाटलांची म्हातारी आई पुढं झाली आणि तिनं तांब्या तोंडाला लावला. तिचा नातू माडीवर दाराला कडी लावून तीच गोळी घेत होता, हे घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं. तिच्यामागून सगळ्यांनी पाणी घेतलं.

त्या संध्याकाळी विहिरीवर नगारा ऐकू आला आणि साऱ्या बायकांनी ओंजळी ओठांना लावल्या. नागव्वानंही लावली. पुढं तिनं नातवंडं खेळवली.

रवळू गेला तेव्हा देवळाला कुलूप होतं आणि गाव ओढ्याकाठी मसणवटीत होतं. तरी सातला नगारा वाजला, असं म्हणतात. तो ऐकून पाटील आणि वडार एकाच ओढ्याचं पाणी प्याले.

आजही कोनवडीत सातचा नगारा झाला की हातातलं काम थांबतं. मांडवातली नवरी, एसटीचा कंडक्टर, परगावचा पाहुणा, सगळे रवळूच्या नावानं घोटभर पाणी पितात. कुणाच्या घोटात नुसतं पाणी असतं, कुणाच्या घोटात गोळी. कोण काय गिळतं, ते तिथं कुणी बघत नाही.