हात मांडीवर

“मग सही अडलीय कुठे, मॅडम?”

विमानात चढता चढता गार्गीनं विचारलं. एकटीनं दूरच्या उड्डाणाला जायचं तर प्रशिक्षक वासंतीमॅडमची सही लागे, आणि ती दोनदा हुकली होती. बरोबरीच्या मुली केव्हाच जाऊन आल्या होत्या.

“दोन्ही पडद्यांवरची सगळी बटणं मला पाठ आहेत.”

“आहेत खरी. चल.”

वर गेल्यावर गार्गीनं पाच हजार फुटांचा आकडा भरला, ऑटोपायलट लावला आणि हात मांडीवर ठेवले.

“बघा. आता तेच चढेल, तेच थांबेल. आपण डबा उघडला तरी चालेल!”

“माझा उपास आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांनीही हात मांडीवर ठेवले.

गार्गी मैत्रिणींच्या फजित्या रंगवून सांगत राहिली. मॅडम ऐकत होत्या.

पाच हजार फूट आले... गेले.

पाच हजार तीनशेला गार्गीची नजर पडद्यावर गेली. आकडा भरला होता; तिथं थांबवणारं बटण दाबायचं राहिलं होतं. तिनं घाईनं विमान खाली घेतलं. चेहरा उतरला.

“तुम्ही पाहिलं होतंत?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“पडद्यावर लिहून येत होतं. तेव्हा तू बोलत होतीस.”

विमान पुन्हा पाच हजारांवर आल्यावर मॅडमनी विचारलं,

“गार्गी, तुमच्याकडे नवरात्र बसतं?”

“बसतं. अखंड दिवा असतो.”

“तो कोण सांभाळतं?”

“आई. तेल घालते, काजळी झाडते.”

“दिवसभर?”

“छे! चारपाचदा.”

“आणि मधल्या वेळात?”

“काही नाही... तिथंच वावरते. निवडणं, टिपणं. पण नजर...”



गार्गीनं आकडा पुन्हा भरला, बटण दाबलं, आकडा ठरला का ते पाहिलं. हात मांडीवर ठेवले. नजर पडद्यावर, बाहेरच्या डोंगरावर, तेलाच्या काट्यावर, पुन्हा पडद्यावर. मॅडमनी डोळे मिटले.

तासाभरानं विमान उतरलं. गार्गीनं रुमालानं मान पुसली.

“नवल आहे, मॅडम. सगळं त्यानंच केलं. मी काहीच केलं नाही, तरी एवढी दमले!”

मॅडमनी पर्समधून पेन काढलं.

“वही आण. उद्या तू एकटी जा.”