गेरूने माखलेला प्रस्ताव

एकदा एक पूल अर्धाच राहिला. राज्याने जागा दिली होती, एका व्यापाऱ्याने धन घातले होते. पूल झाल्यावर पंचवीस वर्षे त्याने पथकर घ्यायचा आणि मग पूल राज्याच्या स्वाधीन करायचा, असे ठरले होते. दोन खांब उभे राहिले, तिसरा काही उभा राहिला नाही. कचेरीच्या दप्तरात 'व्यापारी काम सोडून पळाला' एवढी नोंद झाली आणि पुढची तीस वर्षे त्या दोन खांबांवर पाणकावळे पंख वाळवत बसले.

तीस वर्षांनी नव्या राजाने पुन्हा पुलाचे मनावर घेतले. दूरच्या नगरातला एक व्यापारी बोलणी करायला तयार झाला. त्याच्यापुढे ठेवायचा प्राथमिक प्रस्ताव लिहिण्याचे काम कचेरीतल्या एका तरुणाकडे आले. हा तरुण एका वृद्ध आचार्यांचा शिष्य. आचार्यांनी उभ्या हयातीत घाट, बंधारे, धर्मशाळा बांधल्या होत्या. आता ते नदीकाठी राहत आणि विचारील त्याला सल्ला देत.

शिष्याने हे काम जीव ओतून केले, आणि त्याला तसे कारण होते. त्याची थोरली बहीण पैलतीरी दिलेली. मागच्या पावसाळ्यात तिला दिवस गेलेले असताना ताप भरला. नदीला पूर, नाव बंद. वैद्य औषधाच्या पुड्या घेऊन बारा दिवस ऐलतीरावर अडकून पडला. बहीण वाचली, पोटातले मूल वाचले नाही. तेव्हापासून शिष्याला त्या दोन खांबांकडे पाहवत नसे. हाही व्यापारी हातचा गेला तर पुन्हा कोणी इकडे फिरकणार नाही, अशी त्याला धास्ती होती.

आता कचेरीची एक रीत होती. प्रस्तावाच्या नमुन्यात साठ रकाने, आणि त्यांतला एक जरी रिकामा राहिला तरी कागद परत. त्यामुळे तिथली माणसे रकाने भरण्यात मोठी तरबेज झाली होती. एखाद्याने 'मेरू पर्वताचे वजन' असा रकाना काढला असता तरी तो दुपारपर्यंत भरून मिळाला असता. शिष्यानेही सगळे रकाने भरले. तिसऱ्या खांबाखाली खडक किती खोल, या रकान्यापाशी तो थोडा थबकला. मग त्याने जुने दप्तर उघडले आणि तिथला 'सोळा हात' हा आकडा सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला.

व्यापारी यायचा त्या दिवशी सकाळी तो प्रस्ताव घेऊन आचार्यांकडे गेला. आचार्यांनी एकेक पान सावकाश वाचले. मग ते आत गेले आणि एका वाटीत गेरू कालवून घेऊन आले.

"हे घे," ते म्हणाले. "यातली जी ओळ तू स्वतः पाहिली नाहीस, किंवा पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकली नाहीस, तिच्यावरून गेरूचं बोट फिरव."

शिष्याला ती थट्टाच वाटली. "गुरुजी, दुपारी शेठजी येणार आहेत! महिनाभर खपलोय मी यासाठी."

"म्हणून तर सांगतो. पातळ कालवलाय, खालची अक्षरं दिसतील."

गुरूंचा शब्द मोडवेना. शिष्याने बोट बुडवले. रोज किती लोक नदी ओलांडतात ते त्याने आठ दिवस घाटावर बसून मोजले होते. ती ओळ तशीच राहिली. पूर कुठवर चढतो त्याची खूण म्हाताऱ्या नावाड्याने हात धरून दाखवली होती, तीही राहिली. पण 'पैलतीरीचे लोक जमिनी आनंदाने देतील' असे त्याने लिहिले होते, आणि त्यांना विचारले कोणी होते? बोट फिरले. 'तिसऱ्या वर्षी रहदारी दुप्पट होईल.' बोट फिरले. सोळा हातांपाशी मात्र तो अडला.

"हे दप्तरात आहे, गुरुजी."

"दप्तराने खडक पाहिलाय का?"

शेवटी एकोणीस ओळी लाल झाल्या. शिष्याला रडू कोसळायचे तेवढे बाकी होते. कचेरीत राजाच्या दिवाणांनी ते कागद पाहिले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "हा प्रस्ताव आहे की तुळशीवृंदावन?" पण नवी प्रत करायला वेळ नव्हता, व्यापाऱ्याची गाडी दारात उभी राहिली होती.

व्यापारी पन्नाशीचा, मोजके बोलणारा. बैठकीवर ताठ बसून तो वाचू लागला. लाल ओळ आली आणि त्याने मान वर केली. "हे काय?"

दिवाण काही सावरासावर करणार, तोच शिष्य बोलून गेला, "शेठजी, जे लाल आहे ते आम्हाला ठाऊक नाही. नुसते अंदाज आहेत."

व्यापाऱ्याने पुढची पाने उलटली. 'सोळा हात'वर त्याचे बोट थांबले, आणि बराच वेळ तिथून हलले नाही.

"हा आकडा कुठून आणलात?"

"जुन्या दप्तरातून. पाहिलेला नाही. उतरवून घेतला."

"माझे वडील या आकड्यावर विसंबून सोळा हात खाली गेले," व्यापारी म्हणाला. "वाळू लागली. तीस हात गेले, तरी वाळूच. मग पूर आला आणि होतं नव्हतं ते घेऊन गेला. तुमच्या कचेरीने लिहिलं, पळाला. त्यानंतर चारचौघांत त्यांनी कधी मान वर केली नाही. खरं सांगू? मी पूल बांधायला आलोच नव्हतो. तोच आकडा छातीठोकपणे पुन्हा माझ्यापुढे ठेवता का, एवढं बघायला आलो होतो. ठेवला असतात, तर पाणीसुद्धा न घेता उठलो असतो."

व्यापाऱ्याने लाल ओळी मोजल्या आणि तो पहिल्यांदाच लोडाला टेकला.

"एकोणीस. बरं. शोधून काढायला किती दिवस लागतील?"

त्या एका 'बरं'ने महिनाभर छातीवर बसलेला दगड उतरला. शिष्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले, आणि ते पुसायचेही त्याला सुचले नाही. संध्याकाळपर्यंत दोघांचे ठरले. पैलतीरीच्या लोकांना राज्याने विचारायचे, मजूर आणि गाड्यांची खात्री व्यापाऱ्याने करायची, आणि नदी उतरली की पात्रात खणून खडक दोघांनी मिळून शोधायचा. वचन त्यानंतर.

मग शिष्याने नदीकाठी जाऊन आचार्यांना सगळे सांगितले आणि विचारले, "गुरुजी, ते कोणाचे चिरंजीव हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही रे. मला इतकंच ठाऊक होतं की खडक कुठे आहे हे तुला ठाऊक नाही." आचार्य म्हणाले. "भागीदारीत एकाने न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं, की त्याचं ओझं गुपचूप दुसऱ्याच्या डोक्यावर जातं, आणि त्या बिचाऱ्याला ते भर नदीत गेल्यावर कळतं. आरंभीचा प्रस्ताव म्हणजे शपथ नव्हे. अजून काय शोधायचं आहे ते दोघांनी शेजारी बसून पाहावं, यासाठी तो कागद. अज्ञान उघड मांडलं, की ते दोघांचं होतं."

शिष्य घरी गेला नाही. उरलेल्या गेरूची वाटी त्याने उचलली. तो कचेरीत गेला, जुने दप्तर काढले आणि 'व्यापारी काम सोडून पळाला' या ओळीवरून बोट फिरवले.

उन्हाळ्यात खणले, तर जुन्या जागी चाळीस हातांवरही खडक नव्हता. चारशे पावले वरच्या अंगाला तो सात हातांवर लागला. करार लिहिताना जुने दप्तर निघाले, तेव्हा व्यापाऱ्याला ती लाल ओळ दिसली. त्याने तिच्यावरून एकदा तळहात फिरवला आणि सही केली.

पूल झाला त्या वर्षी भर श्रावणात पैलतीराहून बहिणीच्या घरचा सांगावा आला. नदी दुथडी भरून वाहत होती. वैद्य छत्री सावरत पुलावरून चालत गेला, आणि दुसऱ्या दिवशी तसाच चालत परत येऊन शिष्याला म्हणाला, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

रकाने आपल्यालाही रोज भरावे लागतात. गेरूची वाटी तेवढी हाताशी असावी.