मंगलाष्टकातल्या हाताच्या रेघा

एकदा एका वयोवृद्ध ध्वनिमुद्रकांच्या हाताखाली एक शिष्य काम शिकत होता. गुरुजींनी उभी हयात फितीवर गाणी मुद्रित करण्यात घालवलेली. शिष्याच्या हाती मात्र संगणक होता आणि त्या संगणकात एक गाणारी बाई होती. बाई म्हणजे अर्थातच सॉफ्टवेअर. शब्द लिहून दिले, स्वर मांडून दिले, की ती निमूटपणे गात असे. चहा मागत नसे, घसा बसल्याची सबबही सांगत नसे.

एके दिवशी त्यांच्याकडे नलूआत्या आल्या. घरातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात मंगलाष्टकाचे एक कडवे त्या स्वतः रचत आणि स्वतःच म्हणत. सहा भाच्यांची लग्ने अशी पार पडली. आता सर्वांत धाकटी मुक्ता बोहल्यावर उभी राहायची होती, आणि गेल्या वर्षी घशाच्या शस्त्रक्रियेत आत्यांचा आवाज कायमचा गेला होता. त्यांनी वहीत लिहून दाखवले, "कडवे तयार आहे. पण ते घरातल्या कुणाच्या गळ्यातून नको. लोक मग गाणारीचा गळा ऐकतील आणि माझी कीव करतील."

सोबत आलेला भाऊ व्यवहारी होता. तो म्हणाला, "आदल्या दिवशी ऐकून बघू. बरं वाटलं तर लावू. नाहीतर आमची धाकटी वहिनी म्हणेल, ती काय वाईट गात नाही." आत्यांनी मान डोलावली, पण त्यांचे डोळे भरून आले. शिष्याने ते पाहिले आणि तिथल्या तिथे शब्द दिला, "आत्या, तुमचं कडवं मांडवात वाजेल."

शिष्य हुशार होता, हीच खरी पंचाईत. यंत्राने पहिल्यांदा गायलेले कडवे त्याला अगदीच सपाट वाटले. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वरासाठी सुराची, श्वासाची, कंपाची आणि जोराची अशी एकेक रेघ पडद्यावर दिसते, आणि ती हाताने हवी तशी वाकवता येते. शिष्याने वाकवायला घेतले. इथे मींड, तिथे कंप, अमक्या ठिकाणी हलका उसासा. चार दिवसांत चार ओळींतली एकही रेघ त्याने मूळ जागी राहू दिली नाही, आणि आपल्या कामावर तो बेहद्द खूश झाला.

गाणे त्याने आत्यांना ऐकायला पाठवले. मग त्यांचा निरोप आला. "सुंदर आहे, पण घाई फार होते. मुहूर्ताची वेळ गाठेपर्यंत कडवे लांबवावे लागते. पट्टीही उंच आहे. मी पांढरी पाचमध्ये म्हणत असे."

मागणी रास्त होती. शिष्याने लय संथ केली आणि काळी पाचमध्ये मांडलेले सगळे स्वर खाली पांढरी पाचवर आणले. दोन मिनिटांचे काम. स्वर हलले, पण हाताने वाकवलेल्या रेघा होत्या तिथेच राहिल्या, कारण त्या यंत्राने काढलेल्या नव्हत्या आणि माणसाच्या हातचे काम यंत्र आपण होऊन पुसत नाही. परिणाम असा, की आवाज नव्या स्वरावर नीट बसे आणि मध्येच जुन्या उंचीकडे धाव घेई. श्वास भलत्याच शब्दाच्या पोटात पडे. ते झाकायला शिष्याने कंप वाढवला, कंप झाकायला जोर वाढवला, आणि जोर खटकू लागला तेव्हा उसासे वाढवले. दोन दिवसांनी ती बाई पडसे झाल्यासारखी गाऊ लागली. दुसऱ्या दिवशी भाऊ ऐकायला येणार होता.

रडकुंडीला येऊन तो गुरुजींकडे गेला. "गुरुजी, हे सॉफ्टवेअरच बिघडलंय. दुसरा आवाज घ्यावा म्हणतो."

गुरुजींनी दोन ओळी ऐकल्या. चष्मा पुसला. मग त्यांनी पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम निवडल्या आणि त्या मूळ स्थितीत नेणारे बटण दाबले. सहा दिवसांचे हातकाम क्षणात नाहीसे झाले.

शिष्य ताडकन उठला. "अहो, काय केलंत हे! एका शब्दानं विचारलंसुद्धा नाहीत!"

"बस खाली," गुरुजी म्हणाले. "हात मांडीवर ठेव. तीनदा ऐक. माऊसला शिवायचं नाही."

पहिल्या खेपेला शिष्याला रागापुढे काही ऐकूच आले नाही. दुसऱ्या खेपेला त्याच्या ध्यानात आले, की या पट्टीत हा आवाज सुखाने गातो आहे. तिसऱ्या खेपेला त्याने शब्द ऐकले. माहेरच्या अंगणात तू लावलेल्या मोगऱ्याला आता मी पाणी घालीन, असे आत्या भाचीला सांगत होत्या. सहा दिवस तो हे कडवे चाळत होता आणि त्यात काय म्हटले आहे, हे त्याला आज कळले. त्याला मनस्वी लाज वाटली.

तेव्हा गुरुजी बोलले. "बाळ, दुरुस्ती ही कशाची तरी दुरुस्ती असते. ज्या स्वरांसाठी तू या रेघा काढल्यास ते स्वर तूच हलवलेस. मग त्या रेघांचं काम संपलं होतं. पण तुला त्या पुसवेनात, कारण त्यात तुझे कष्ट होते. म्हणून त्यांना सांभाळायला तू नव्या काढल्यास. शेवटी शेवटी तू आत्यांचं कडवं सोडून आपल्याच रेघांची सेवा करत होतास. आता आत्यांना बोलाव. रेघ कुठे हवी ते त्या सांगतील."

त्याच दुपारी आत्या आल्या. डोळे मिटून, बोटाने ठेका धरत त्यांनी ते साधे गाणे ऐकले. मग पडद्यावर तीन ठिकाणी बोट ठेवून वहीत लिहिले. इथे श्वास घे. इथे थोडे थांब. आणि मोगऱ्यापाशी आवाज जरासा हलू दे. शिष्याने तीन रेघा काढल्या आणि हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी भावाने शेवटपर्यंत ऐकले आणि "लावा" एवढेच म्हणून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला, गुरुजींनी आणि शिष्याने मागच्या रांगेत अक्षता घेतल्या, आणि आत्यांचे कडवे सुरू झाले. आत्या मुक्ताच्या मागे उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. जिथे त्या श्वास घेत तिथेच तो आवाज श्वास घेत होता, जिथे थांबत तिथे थांबत होता.

शिष्याच्या शेजारची एक म्हातारी हरखून म्हणाली, "अगंबाई, नलूचा आवाज परत आला की!"

शिष्याने मान डोलावली आणि अक्षता टाकल्या.