मानाच्या पानावरचा घास

उसळ वालाची होती की काळ्या वाटाण्याची, हे हेमलताबाईंना आता खात्रीने सांगता येत नाही. पण ती काजूच्या बोंडांपासून केलेल्या गॅसवर शिजली होती, एवढं नक्की.

वेंगुर्ल्याजवळचा त्यांचा हा गॅसप्रकल्प भांडवलाअभावी बंद पडायला आला होता. स्वच्छ ऊर्जेच्या सरकारी निधीचे प्रमुख धारणकर साहेब पाहणीला आले, सोबत दोन गुंतवणूकदार शेठ.

"आधी शेठलोकांनी पैसे घालावेत, मग सरकार बघेल," साहेबांनी ऐटीत सुनावलं.

"छे, आधी सरकार!" शेठ म्हणाले.

दुपारी पंगत बसली. मानाच्या पानावर साहेब. वाढून झालं तरी ते हात आखडून बसलेले, म्हणून सगळेच बसलेले. भात निवू लागला.

"अहो, सुरू करा की! माझ्यासाठी कशाला थांबता?"

"साहेब, मानाच्या पानावरचा घास उचलला गेल्याशिवाय भुकेला माणूसही हात घालत नाही," हेमलताबाई शांतपणे म्हणाल्या. "प्रकल्पाचंही तेच झालंय. अख्खं पान तुम्ही संपवा असं कुठे म्हणतेय मी? पहिला घास तेवढा घ्या."

साहेब हसले आणि त्यांनी वरणभाताचा घास घेतला. महिन्याभरात सरकारी हिस्सा मंजूर झाला. पाठोपाठ शेठांचाही आला.

बऱ्याच वर्षांनी साहेबांच्या पत्नी भेटल्या, तेव्हा हेमलताबाईंनी विचारून खात्री करून घेतली. त्या दिवशी साहेबांचा गुरुवारचा उपवास होता.