उशिरा येणाऱ्याला जागा नाही

तालुक्याच्या शालेय स्पर्धांत लंगडी झाली, लांब उडी झाली. खो-खोच्या अंतिम सामन्याचं उद्घाटन मात्र संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब रणनवरे करणार होते.

घाटात गाडी बंद पडल्याने डोंगरावरच्या शाळेच्या मुली अर्धा तास उशिरा पोहोचल्या आणि तयार होऊन बसल्या. त्यानंतर तासाभराने अण्णासाहेब आले. मुलींना उशीर झाल्याचं कळताच ते गरजले, "उशिरा येणाऱ्याला या मैदानावर जागा नाही. संघ बाद!"

मुलींचे चेहरे उतरले. कर्णधार हिरा पाडवी शांतपणे उठली. "मान्य आहे, साहेब. आम्ही निघतो. पण मग उद्घाटन कोण करणार?"

सगळे अण्णासाहेबांकडे पाहू लागले. त्यांनी घड्याळ पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "पंचांना सांग पोरी, शिट्टी वाजवा."